पर्यायी आयुष्यांची कादंबरी : संदेश पुरे, नियमही तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मॅट हेग यांच्या ‘द मिडनाइट लायब्ररी’ (२०२०) या कादंबरीवर आलेल्या लेखाबद्दल हे पत्र. लेखात कादंबरीचे कथानक आहे, ‘पश्चात्ताप सोडा आणि आहे ते आयुष्य जगा’ हा संदेश आहे, प्रत्येकाने वाचावी अशी शिफारसही आहे. कादंबरी चालते कशी, हे मात्र कुठेच नाही. ‘तेव्हा तसे केले असते तर’ या प्रश्नावर उभ्या राहणाऱ्या कादंबरीचा जीव तिच्या नियमांत असतो. पात्र दुसऱ्या आयुष्यात शिरते कसे, सोबत काय नेते, परत कधी येते आणि या येण्याजाण्याची किंमत कोण मोजते? हे न विचारता अशा पुस्तकाला डोक्यावर घेणे किंवा मोडीत काढणे म्हणजे मोहऱ्यांच्या रंगावरून बुद्धिबळाचा डाव जोखणे. आम्ही हस्तलिखितांच्या संपादनाचे काम करणारी माणसे आहोत आणि या प्रकारचे लेखन मराठीत करू पाहणारे बरेच जण आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी यंत्रणा पाहू. नोरा सीड ही इंग्लंडमधल्या बेडफर्ड गावात राहणारी पस्तिशीची बाई. नोकरी गेली, मांजर मेले, भाऊ टाळतो, शेजारच्या म्हाताऱ्यांची औषधे आणायचे कामही आता दुसरे कोणी करते. ती जीव द्यायचे ठरवते आणि जगण्यामरण्याच्या मधल्या एका ग्रंथालयात येऊन पोहोचते. तिथे घड्याळ ००:००:०० वर थांबलेले आहे, कपाटांना अंत नाही, पुस्तके सगळी हिरव्या छटांची, आणि ग्रंथपाल म्हणून तिच्या शाळेतल्याच मिसेस एल्म. प्रत्येक पुस्तक म्हणजे एखादा निर्णय वेगळा घेतला असता तर झालेले नोराचे आयुष्य. पुस्तक उघडले की ती त्या आयुष्यात उतरते, पण वर्तमानाच्या त्याच क्षणाला. मागच्या वर्षांत नाही. त्या आयुष्याच्या आठवणी तिला मिळत नाहीत. निराशा पुरती दाटून आली की ती आपोआप परत येते. या सगळ्या हिरव्या पुस्तकांत एकच करडे आणि जड पुस्तक आहे : तिच्या पश्चात्तापांची नोंदवही.

आमच्या मते ही नोंदवही कादंबरीतला सर्वांत कामाचा भाग आहे, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. वहीतल्या ओळी एकेक करून पुसट होत जातात, पण सगळ्या एकाच कारणाने नव्हे. इथेच हेग यांची कारागिरी दिसते.

काही ओळी माहिती अपुरी होती म्हणून लिहिल्या गेलेल्या असतात. व्होल्टेअर या मांजराचे प्रकरण घ्या. लेखात म्हटले आहे की नोराने मांजराला घरात ठेवलेल्या आयुष्यात ते वाचते. तसे नाही. त्या आयुष्यातही व्होल्टेअर मेलेलाच सापडतो, फक्त रस्त्याऐवजी पलंगाखाली. त्याला हृदयाचा जन्मजात आजार होता. गाडीने उडवलेलेच नव्हते. ‘मी मांजराची नीट काळजी घेतली नाही’ ही नोंद त्यामुळे खोटी ठरते. प्रकरण जेमतेम काही पानांचे आहे, पण सबंध पुस्तकाची किल्ली तेच. इथे नोराला दुसरे आयुष्य मिळाले यापेक्षा माहितीचा एक तुकडा मिळाला हे महत्त्वाचे. मांजर वाचले असे लिहिले की प्रकरणाचा अर्थच उलटा होतो.

काही ओळी दुसऱ्याच्या स्वप्नाच्या असतात. गावाकडचा पब, ज्याच्याशी लग्न ठरून मोडले त्या डॅनला हवा होता, ऑलिंपिकचे पोहणे वडिलांना, ऑस्ट्रेलिया मैत्रीण इझीला, बँड भाऊ जो याला. नोराने ते सगळे नाकारले आणि मग नाकारल्याचीच रुखरुख बाळगली. यांतले एकेक आयुष्य जगून पाहिल्यावर तिला कळते की ही इच्छा आपली नव्हतीच. आणि एखादी नोंद खरोखर तिची स्वतःची असते. हिमनद्यांचा अभ्यास करण्यासाठी ती उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाते, तिथे पांढरे अस्वल अंगावर येते, आणि आपल्याला मरायचे नाही हे तिला पहिल्यांदा ठामपणे जाणवते. ही नोंद तशी खोटी ठरत नाही. तिचे काम वेगळेच होते.

अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्याने पहिल्या प्रकरणाआधी हेच करावे. नायकाच्या पंधराएक रुखरुखी कागदावर उतरवाव्यात आणि प्रत्येकीपुढे लिहावे : चुकीच्या माहितीची, उसन्या स्वप्नाची की स्वतःची. सगळ्या एकाच रकान्यात पडल्या तर कादंबरी लिहायला घेऊ नये, कारण मग ‘गेला, निराश झाला, परत आला’ हा पाळणा तिसऱ्या फेरीलाच वाचकाला गरगरवतो. खुद्द हेग यांनाही हा त्रास झाला आहे. रॉकस्टारचे आयुष्य संपल्यावर पुढची बरीच आयुष्ये परिच्छेदापरिच्छेदात उडत जातात. लेखकालाच वेग वाढवावासा वाटला, यातच काय ते आले.

आता जिथे सांधा निखळतो तिथे येऊ. आठवणी न देता नायिकेला दुसऱ्या आयुष्यात उतरवले की प्रत्येक वेळी पहिली काही पाने लपवाछपवीत जातात : शेजारी झोपलेला माणूस कोण, आपले आडनाव काय, भाषणात बोलायचे काय. गंमत येते, वाचक पाने उलटत राहतो. पण त्याच्या बदल्यात मोठी गोष्ट जाते. नोराच्या वाट्याला निकाल येतो, वर्षे येत नाहीत. डॅनबरोबरचा संसार कसा विटत गेला ते तिला जगावे लागत नाही. विटलेला संसार एका रात्रीत दिसतो आणि ती परत येते. माणसाची रुखरुख बहुतेक वेळा वर्षांची असते. तिला एका संध्याकाळचे उत्तर दिले की ते ओझरते वाटणारच.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. ज्या नोराच्या देहात ही नोरा शिरते, ती तेवढा वेळ कुठे असते? पुस्तक हा प्रश्न फार हलक्या हाताने बाजूला ठेवते. सुरुवातीच्या आयुष्यांत ते खपून जाते. पण शेवटाकडे केंब्रिजच्या घरात नवरा अॅश आणि लहानगी मॉली येतात, आणि मॉलीची खरी आई दुसरीच नोरा आहे हे वाचकाच्या मनात टोचू लागते. नियम सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगितला असता तर हेच टोचणे कादंबरीच्या कामी आले असते. अशा लेखनात नियम कडक असल्याने कोणी तक्रार करत नाही. तो उशिरा कळला तर मात्र फसवल्यासारखे वाटते.

किमतीचा हिशेब मात्र हेग यांनी चोख ठेवला आहे. लिओ हा नोराकडे पियानो शिकणारा मुलगा. केंब्रिजच्या सुखी आयुष्यात नोरा बेडफर्डला त्याची शिक्षिका नव्हतीच, म्हणून तिथला लिओ पियानोला कधी भेटला नाही, आणि तो पोलिसांच्या हाती लागलेला तिला दिसतो. शेजारचे मिस्टर बॅनर्जीही घरी राहिलेले नाहीत, वृद्धाश्रमात आहेत. नोराला तिचे मूळ आयुष्य निरुपयोगी वाटत होते. त्या आयुष्याने काय धरून ठेवले होते ते इथे दिसते, तेही कोणी भाषण न करता. लेखात मिसेस एल्म यांच्या सुविचारांना जागा आहे, लिओला एक ओळही नाही.

आता फाट्याबद्दल, म्हणजे आयुष्य जिथून वेगळे वळते त्या जागेबद्दल. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ साली मांडलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळावर जातात, वाहतुकीत अडकतात आणि आपापल्या विमानांच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने पोहोचतात. एकाचे विमान वेळेवर गेलेले असते. दुसऱ्याचे रखडलेले असते आणि पाचच मिनिटांपूर्वी सुटलेले असते. जास्त हळहळ कोणाला? ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचे नाव घेतले. नुकसान दोघांचे सारखेच. पण पाच मिनिटे मनातल्या मनात सहज परत मिळवता येतात, अर्धा तास मिळवता येत नाही. म्हणजे हळहळीचे वजन नुकसान किती झाले यापेक्षा ते किती सहज टळले असते यावर ठरते.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठे जिंकलेले आहेत. ते टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि इतिहासाचे खंड मागवतात. चार खंड त्यांना माहीत असलेलेच निघतात, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत. मग पाचवा खंड ते दोन्ही टोकांकडून आत वाचत येतात आणि नेमकी जागा पकडतात : विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाला चाटून गेली आहे. तिळाचा फरक. एवढ्या मोठ्या ऐतिहासिक दुःखाचा फाटा तिळाएवढा ठेवणे ही नारळीकरांची नजर. आणि दोन्ही टोकांकडून आत वाचत येणे ही पद्धत आम्ही प्रत्येक नव्या लेखकाला सुचवतो. आजचे खरे आयुष्य एका टोकाला ठेवा, कल्पिलेले दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींकडून मागे येत राहा. जिथे दोन्ही आयुष्यांतला दिवस अगदी एकसारखा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फाटा आहे. बहुतेकांचा फाटा त्यांनी आधी ठरवलेल्या जागेपेक्षा दोन-तीन वर्षे अलीकडे किंवा पलीकडे निघतो.

फाटा पात्राच्या हातातला हवा. ‘१९८२ चा गिरणी संप झालाच नसता तर’ यातून फार तर इतिहासावरचा निबंध निघेल, कारण एका कामगाराच्या हातात ते नव्हते. ‘संपाच्या आधल्या वर्षी त्याने गावची जमीन भावाच्या नावे करून दिली नसती तर’ यातून कादंबरी निघते. सही त्याची होती.

ग्रंथालय हा अनेक बांधण्यांपैकी एक प्रकार झाला. लायोनेल श्रायव्हर यांच्या ‘द पोस्ट-बर्थडे वर्ल्ड’ (२००७) मध्ये पहिले प्रकरण एक, आणि त्यातल्या एका चुंबनापाशी कथा दुभंगते : घेतले, नाही घेतले. त्यानंतरची प्रकरणे दोन-दोनदा. ही बांधणी सर्वांत प्रामाणिक, कारण दोन्ही आयुष्ये पूर्ण वेळ जगावी लागतात आणि दोन्हींत काही ना काही हातचे जाते. हिची मेहनतही दुप्पट. एकच प्रसंग दोन्हीकडे घालताना तेच संवाद वेगळ्या तोंडी द्यावे लागतात, नाहीतर दोन सुट्या कादंबऱ्या एकत्र शिवल्यासारख्या दिसतात. पॉल ऑस्टर यांच्या ‘४ ३ २ १’ (२०१७) मध्ये ३ मार्च १९४७ ला जन्मलेल्या फर्ग्युसनची चार आयुष्ये समांतर चालतात आणि प्रकरणांना १.१, १.२, १.३, १.४ असे क्रमांक आहेत. त्यातला एक फर्ग्युसन तेराव्या वर्षी मरतो. पुढे जिथे जिथे त्याचे प्रकरण यायला हवे तिथे फक्त क्रमांक आहे आणि पान कोरे. शब्द न वापरता साधलेला असा परिणाम आम्ही फार थोड्या पुस्तकांत पाहिला. ऑस्टरने आणखी एक पथ्य पाळले आहे. केनेडींची हत्या उरलेल्या तिघांच्याही आयुष्यात तशीच आणि त्याच दिवशी होते. घरातल्या फाट्याने देशाचा इतिहास बदलू द्यायचा नाही, हे कळायला नव्या लेखकांना वेळ लागतो. केट अॅटकिन्सन यांच्या ‘लाइफ आफ्टर लाइफ’ (२०१३) मध्ये तर अर्सुला मरते आणि पुन्हा १९१० सालच्या त्याच बर्फाच्या रात्री जन्मते. १९१८ चा इन्फ्लुएन्झा घरात येऊ नये म्हणून ती जन्मोजन्मी एकेक युक्ती करते, आणि शेवटी मोलकरणीने लंडनला जाऊ नये म्हणून तिला जिन्यावरून ढकलते. स्पष्ट आठवण नाही, नुसती धास्ती आहे. आठवणीचा हा अर्धामुर्धा नियम हेग यांच्या कोऱ्या पाटीपेक्षा आम्हाला जास्त पटतो.

बांधणी कोणतीही घ्या, भिंतीवर तक्ता लागतोच. उभ्या रकान्यांत आयुष्ये, आडव्या ओळींत वर्षे. प्रत्येक चौकटीत वय, कोण हयात आहे, घर कुठे, पैसा कुठून येतो, अंगावरच्या खुणा. चुका बहुधा शेवटच्या दोन बाबतींत होतात. लग्नच झाले नाही त्या आयुष्यात सासरच्या चुलीने भाजलेला डाग नायिकेच्या मनगटावर राहून जातो. शिक्षण सोडलेल्या नायकाला परदेशी तिकीट कोणी काढून दिले, हे कोणालाच ठाऊक नसते. आणि मराठीपुरती एक सूचना : कल्पिलेले आयुष्य ‘गेली असती, केले असते’ अशा क्रियापदांत एका पानापेक्षा जास्त लिहू नये. फाटा ओलांडला की सरळ ‘ती गेली, तिने केले’. वाचक दार ओलांडून आलेला असतो, त्याला प्रत्येक वाक्यात उंबरठा दाखवू नये.

‘पश्चात्ताप निरर्थक’ हे लेखातले विधान आम्हाला मान्य नाही, आणि कादंबरीच्या रचनेलाही ते मान्य असावे असे दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ मध्ये दाखवले की केलेल्या गोष्टींची चुटपुट ताजी असताना जास्त बोचते, पण वर्षे गेल्यावर माणसे न केलेल्या गोष्टींसाठी अधिक झुरतात. कारणांपैकी एक सरळ आहे. केलेल्या गोष्टीला शेवट असतो. काय झाले ते आपल्याला माहीत असते आणि आपण त्याची डागडुजी करतो. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो, म्हणून ती मनात वाढत राहते. पर्यायी आयुष्यांची कादंबरी काम करते ती इथे : न केलेल्या गोष्टीला ती शेवट लिहून देते. याच मेडवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची चित्रफीत तपासली, तेव्हा रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले जास्त आनंदी दिसले. एकाची नजर हुकलेल्या सुवर्णाकडे, दुसऱ्याची रिकाम्या हाताने परतण्याकडे. नोरा सबंध पुस्तकभर रौप्यपदकवाल्यांच्या नजरेने पाहते. लिओच्या प्रसंगात ती पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने पाहते.

पश्चात्ताप अजिबात नसलेली माणसेही अभ्यासली गेली आहेत. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नॅथली कामीय आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला. डोळ्यांच्या खोबणींच्या वर असलेल्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना जुगाराचा खेळ दिला आणि न निवडलेल्या डावात काय मिळाले असते तेही दाखवले. इतरांना हळहळ वाटली आणि ती पुन्हा वाटू नये म्हणून ते पुढे जपून खेळले. या रुग्णांना हळहळ वाटली नाही आणि ते शिकलेही नाहीत.

शेवटी एक गोष्ट, जिच्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले. लेखात ही कादंबरी ‘निराश मित्राला भेट द्यावी’ असे म्हटले आहे. कृपया सरसकट असे सुचवू नये. पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणे नोराच्या मरायच्या निर्णयाकडे तासांची उलटगणती करत जातात, आणि बरे होणे मात्र एका मध्यरात्रीत उरकते. चांगल्या मनःस्थितीतल्या वाचकाला हा कथेचा वेग वाटतो. खचलेल्या माणसाला पहिला भाग फार जवळचा आणि दुसरा फार दूरचा वाटू शकतो. द्यायचेच असेल तर आधी स्वतः वाचावे, सुरुवातीला काय आहे ते समोरच्याला सांगून द्यावे आणि चार दिवसांनी विचारपूस करावी. उपचार चालू असतील तर पुस्तक त्यांची जागा घेत नाही. केंद्र सरकारची २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. लेखाच्या आंतरजालावरील आवृत्तीत हा क्रमांक तळाशी नको, पहिल्या परिच्छेदाखाली घालावा, आणि तिथेच व्होल्टेअरच्या प्रकरणाची दुरुस्तीही करावी, ही विनंती.

कळावे,
कथा-कादंबऱ्यांच्या संपादनाचे काम करणारे काही वाचक,
पुणे